कामावर ठेवण्यापूर्वीची विचारपूस : संशय नव्हे, अमानत

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



दुकानाला नोकर, घरकामाला बाई, गाडीला चालक, मुलांना कुरआन शिकवायला मौलवी साहेब, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या शुश्रूषेला एखादा माणूस. आपल्यापैकी बहुतेक घरांवर कधी ना कधी परक्या माणसाला कामावर ठेवण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी आपण पगार ठरवतो, वेळ ठरवतो आणि ‘माणूस बरा दिसतो’ एवढ्या आधारावर घराची किंवा गल्ल्याची किल्ली त्याच्या हाती देतो. ‘आधी चौकशी करा’ असे कोणी सुचवले, तर आपल्याला संकोच वाटतो. चौकशी म्हणजे संशय, आणि संशय तर आपल्या धर्मात निषिद्ध, अशी आपण आपली समजूत घालतो.

ही समजूत कितपत बरोबर आहे, हे या महिन्याच्या पाठात पाहू. त्याआधी माझ्याच एका चुकीची हकीकत तुमच्यासमोर ठेवतो, कारण हा पाठ मी ग्रंथांतून वाचला असला, तरी शिकलो तो त्या चुकीतून.

एका चिठ्ठीची गोष्ट

इमामतीचे माझे ते दुसरेच वर्ष होते. एक तरुण आमच्या मशिदीत येऊ लागला. पहिल्या सफेत उभा राही, नमाजनंतर चटया गोळा करी, वडीलधाऱ्यांना अदबीने सलाम करी. तीन-चार आठवड्यांनी तो माझ्याकडे आला. तालुक्याच्या गावी एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे वसुलीसाठी माणूस हवा होता. ‘इमाम साहेबांची चिठ्ठी आणलीस तर ठेवतो,’ असे व्यापारी म्हणाला होता. मी कागद घेतला आणि लिहिले, की हा मुलगा माझ्या चांगल्या ओळखीचा असून प्रामाणिक आहे. सही केली. एका गरजू माणसाचे काम झाले, म्हणून मनाला समाधानही वाटले.

काही महिन्यांनी त्या दुकानाच्या हिशेबात पैसे कमी पडू लागले. संशय कोणावर गेला? त्या तरुणावर नाही. त्याच्यामागे इमामाची चिठ्ठी होती. संशय गेला तो वीस वर्षे त्याच दुकानात गोण्या उचलणाऱ्या एका वृद्ध हमालावर. सगळे त्यांना मामा म्हणत. ते आपल्या समाजाचे नव्हते, आणि त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहायला कोणी नव्हते. त्यांना कामावरून कमी करण्यात आले. दोन महिन्यांनी खरा प्रकार उघड झाला. उधारीचे पैसे तो तरुणच मधल्या मध्ये ठेवून घेत होता. याआधी शेजारच्या तालुक्यातील दुकानातूनही त्याला याच कारणाने काढले होते. एक फोन केला असता, तर हे कळले असते. तो फोन व्यापाऱ्याने केला नाही, कारण माझी चिठ्ठी होती. आणि मी केला नाही, कारण मला तसे सुचलेच नाही.

व्यापारी माझ्याकडे आले. त्यांनी आवाज चढवला नाही. माझी चिठ्ठी चटईवर ठेवली आणि एवढेच विचारले, ‘‘मौलाना, तुम्ही याला किती ओळखत होतात?’’

मी मामांच्या घरी माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला. म्हणाले, ‘‘तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे मला समजतं. पण नातू रोज विचारायचा, आजोबा, तुम्ही आता दुकानात का जात नाही? त्याला काय सांगणार होतो?’’ व्यापाऱ्यांनी पुन्हा बोलावले, तरी मामा त्या दुकानात परत गेले नाहीत.

चौकशी न करणे म्हणजे भलेपणा, असे मी समजत होतो. त्या भलेपणाची किंमत एका निरपराध माणसाने मोजली. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता कुरआनकडे वळू.

मदयनची विहीर

सूरह कसस मध्ये (आयत २३ ते २८) हजरत मूसा (अलै.) यांच्या मदयनमधील आगमनाचा प्रसंग आहे. मिस्र सोडून आलेले, थकलेले, कोणाच्याही ओळखीचे नसलेले मूसा (अलै.) विहिरीपाशी थांबलेल्या दोन मुलींच्या शेळ्यामेंढ्यांना पाणी पाजतात आणि मोबदला न मागता सावलीत जाऊन बसतात. त्या मुलींचे वडील त्यांना बोलावतात. पुढे एक मुलगी वडिलांना सुचवते, की यांना कामावर ठेवा. कामावर ठेवण्यास उत्तम तोच, जो समर्थ आणि विश्वासू असेल.

‘कवी’ आणि ‘अमीन’ हे ते दोन शब्द. कवी म्हणजे ते काम करण्यास समर्थ. अमीन म्हणजे सोपवलेले जपणारा. तफसीरकारांनी नोंदवले आहे, की वडिलांनी मुलीला विचारले, तुला हे कशावरून कळले? तिने सांगितले, की विहिरीवरचा जड दगड त्यांनी एकट्याने हलवला, आणि वाटेत मला मागून चालायला सांगून आपली नजर जपली. म्हणजे शिफारस करणारीने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले, आणि शिफारस ऐकणाऱ्याने तिचा आधार विचारला.

दोन गुणांपैकी एक असून भागत नाही. हजरत अबू जर (रजि.) यांच्या परहेजगारीविषयी कोणाला शंका असणार? तरीही त्यांनी एखादे पद मागितले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने समजावले, की तुम्ही या बाबतीत दुर्बल आहात आणि हे पद म्हणजे अमानत आहे. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. माणूस नेक आहे, एवढ्यावरून तो प्रत्येक कामास योग्य ठरत नाही.

आता या आयतींच्या क्रमाकडे लक्ष द्या. पंचविसाव्या आयतीत मूसा (अलै.) त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना आपली सर्व हकीकत सांगतात. सव्विसाव्यात शिफारस होते. सत्ताविसाव्यात कामाची मुदत आणि अटी ठरतात. हकीकत आधी, शिफारस नंतर, करार शेवटी. आणि मूसा (अलै.) यांच्या भूतकाळात सांगायला अवघड असे काही होते. याच सूरहच्या पंधराव्या आणि सोळाव्या आयतीत आले आहे, की त्यांच्या हातून ठोसा बसून एक माणूस मरण पावला होता; त्यांनी लगेच क्षमा मागितली आणि अल्लाहने क्षमा केली. त्यांची हकीकत ऐकून त्या गृहस्थांनी धीर दिला, की भिऊ नका, जुलमी लोकांपासून तुमची सुटका झाली आहे. त्यांनी नीट ऐकले, प्रसंग समजून घेतला आणि काम दिले.

भूतकाळाची विचारपूस माणसाला नाकारण्यासाठीच असते, हा आपला गैरसमज इथे दूर व्हावा. ती माणसाला समजून घेऊन स्वीकारण्यासाठीही असते.

मिस्रचा तुरुंग

दुसरा प्रसंग सूरह यूसुफ मधील आहे. हजरत यूसुफ (अलै.) अनेक वर्षे तुरुंगात होते. बादशहाने त्यांना बोलावणे पाठवले. कोणीही धावत सुटला असता. यूसुफ (अलै.) यांनी मात्र दूताला परत पाठवले आणि कळवले, की आधी त्या स्त्रियांच्या प्रकरणाची चौकशी करा (आयत ५०). चौकशी झाली. अजीजच्या पत्नीने आपली चूक आणि त्यांचा खरेपणा कबूल केला. त्यानंतरच बादशहाने त्यांना विश्वासाचे स्थान दिले, आणि त्यानंतर यूसुफ (अलै.) यांनी राज्याच्या भांडारांची जबाबदारी मागितली, आपण जपणारे आहोत आणि जाणकार आहोत, असे सांगितले (आयत ५५). इथेही तेच दोन गुण आहेत, विश्वासूपणा आणि कामाचे ज्ञान.

इथे चौकशीची मागणी स्वतः उमेदवाराने केली, हे लक्षात घ्या. निर्दोष माणसाला चौकशी अपमान वाटत नाही. ती त्याची ढाल असते. मामांच्या बाबतीत वेळेवर नीट चौकशी झाली असती, तर त्या चौकशीनेच त्यांना वाचवले असते.

या प्रसंगातून आणखी एक गोष्ट शिकायची आहे. एखादा माणूस तुरुंगात होता, एवढ्यावरून तो गुन्हेगार ठरत नाही. आपल्या देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक खटल्याच्या प्रतीक्षेत असतात. त्यांचा दोष अजून सिद्ध झालेला नसतो. तेव्हा नुसते ‘आत होता’ हे ऐकून दार लावू नका. काय घडले, निकाल काय लागला, हे त्यालाच विचारा.

हजरत उमर (रजि.) यांचे तीन प्रश्न

हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर एकदा एक साक्षीदार आला. ते म्हणाले, मी तुला ओळखत नाही, तुला ओळखणारा कोणी आण. एक जण पुढे आला आणि म्हणाला, मी याला ओळखतो, हा सचोटीचा माणूस आहे. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी त्याला तीन गोष्टी विचारल्या. तू याचा लगतचा शेजारी आहेस का, ज्याला याचे दिवसरात्रीचे येणेजाणे ठाऊक असते? तू याच्याशी पैशांचा व्यवहार केला आहेस का? तू याच्यासोबत प्रवास केला आहेस का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आले. तेव्हा त्यांनी निर्णय दिला, की मग तू याला ओळखत नाहीस. इमाम बैहकी यांनी ही रिवायत नोंदवली आहे.

मदरशात हे प्रथम वाचले, तेव्हा मी ते परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या व्यापाऱ्यांनी चटईवर चिठ्ठी ठेवून विचारलेला प्रश्न हाच होता, हे मला त्या दिवशी उमगले. मी त्या तरुणाला मशिदीत पाहिले होते. शेजारात, व्यवहारात किंवा प्रवासात नाही.

आपल्या उलमांनी तर या विचारपुशीचे एक संपूर्ण शास्त्र उभे केले. हदीस सांगणारा प्रत्येक माणूस कोण, कोठला, कोणाला भेटला, त्याची स्मरणशक्ती कशी, त्याचा खरेपणा कसा, याचा त्यांनी शोध घेतला. हेच ‘अस्मा-उर-रिजाल’ आणि ‘जर्ह व तादील’ यांचे शास्त्र. त्यांच्या ग्रंथांत अत्यंत नेक, पण स्मरणशक्ती कमजोर असलेल्या माणसांचीही तशीच नोंद आहे. त्या नोंदीमागे शत्रुत्व नव्हते. दीन सुरक्षित राहावा, ही तळमळ होती.

ज्याला विचारले जाते, त्याची जबाबदारी

आता दुसरी बाजू. समजा, तुमच्याकडे पूर्वी काम केलेल्या माणसाबद्दल कोणी तुम्हाला विचारले. खरे सांगितले तर गीबत होईल, या भीतीने आपण ‘ठीक आहे, चांगला आहे’ असे म्हणून मोकळे होतो.

सहीह मुस्लिममधील हदीस आहे. हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) यांना दोन मागण्या आल्या होत्या. त्यांनी प्रेषित (स.) यांचा सल्ला विचारला. प्रेषितांनी (स.) एकाच्या कडक स्वभावाविषयी आणि दुसऱ्याच्या गरिबीविषयी स्पष्ट सांगितले आणि तिसरे स्थळ सुचवले. दोघेही सहाबी होते, तरीही विचारणारीच्या हितासाठी आवश्यक तेवढे सांगितले गेले. इमाम नववी यांनी ज्या प्रसंगी दुसऱ्याचा दोष सांगणे गीबत ठरत नाही असे प्रसंग मोजले आहेत, त्यांत अशा सल्ल्याचा समावेश आहे. अट एवढीच, की हेतू हिताचा असावा आणि गरजेपेक्षा एक शब्दही जास्त नसावा.

शिफारस ही एक साक्ष आहे. खोटी साक्ष किती गंभीर? प्रेषित (स.) मोठमोठी पापे सांगत असताना टेकून बसले होते, खोट्या साक्षीचा उल्लेख आला, तेव्हा ते सरळ बसले आणि तेच पुनःपुन्हा सांगू लागले. बुखारी आणि मुस्लिम या दोघांनी हे नोंदवले आहे. सूरह निसा (आयत ८५) सांगते, की चांगल्या शिफारशीत शिफारस करणाऱ्याचा वाटा असतो आणि वाईट शिफारशीतही असतो. माझ्या चिठ्ठीत माझा वाटा होता.

चौकशीच्या मर्यादा

विचारपूस ही अमानत असली, तरी तिलाही सीमा आहेत. सूरह हुजुरात (आयत १२) आपल्याला पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्यास सांगते आणि हेरगिरी व गीबत यांस मनाई करते. त्याच सूरहची सहावी आयत सांगते, की विश्वासपात्र नसलेल्या माणसाने बातमी आणली, तर तिची शहानिशा करा. नाहीतर अजाणतेपणी कोणाला इजा पोहोचवाल आणि पस्तावाल. एकाच सूरहमध्ये शहानिशेचा आदेशही आहे आणि हेरगिरीची मनाईही. दोहोंतील फरक आपल्याला ओळखता आला पाहिजे.

जे कामाशी संबंधित आहे, तेच विचारावे. वसुलीच्या माणसाचा व्यवहार पाहावा. चालकाचा परवाना आणि व्यसन पाहावे. त्याच्या घरातील भांडणे, त्याच्या बहिणीचे लग्न का मोडले, त्याच्या मोबाइलमध्ये काय आहे, हे शोधणे म्हणजे हेरगिरी.

चौकशी उघडपणे, त्याला सांगून करावी. विरुद्ध काही कळले, तर त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये. जुन्या मालकाचा रागही खोटे बोलू शकतो.

ज्याने चूक करून तौबा केली आणि पुढची वर्षे सचोटीने काढली, त्याला त्या चुकीवर कायमचे खिळवून ठेवू नये. मात्र तौबा आणि जबाबदारीची निवड या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचा हात एकदा गल्ल्यात घसरला, त्याला काम जरूर द्यावे. परंतु सुरुवातीला गल्ल्याऐवजी गोदामावर ठेवावे. यात त्याच्यावरही दया आहे.

आणि नाव, जात, धर्म, मोहल्ला यांवरून माणसाची किंमत ठरवू नये. निव्वळ नाव वाचून घर किंवा नोकरी नाकारली जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. जी वागणूक आपल्याला बोचते, ती आपण दुसऱ्याला कशी द्यावी? हिजरतसारख्या जिवावरच्या प्रवासात प्रेषित (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून जो माणूस मोबदल्यावर ठेवला, तो कुरैशच्या धर्माचाच होता. सीरतच्या ग्रंथांत त्याचे नाव अब्दुल्लाह इब्न उरैकित असे येते. त्याला वाटा ठाऊक होत्या आणि त्याच्यावर भरवसा होता. त्याच्या हाती उंट सोपवले गेले, आणि तीन रात्रींनंतर तो ठरल्याप्रमाणे सौरच्या गुहेपाशी हजर झाला. कवी आणि अमीन हीच कसोटी तिथेही लागली. आमच्या मामांना मात्र ही कसोटी लावली गेली नाही.

मुले ज्यांच्या हाती सोपवतो

मशीद आणि मदरशांच्या विश्वस्तांना इथे विशेष विनंती आहे. मकतबसाठी शिक्षक ठेवताना आपण किरात ऐकतो, सनद पाहतो आणि खोलीची किल्ली देतो. सनद जिथून मिळाली तिथे फोन करावा. आधी ज्या मशिदीत काम केले, तिथल्या विश्वस्तांना विचारावे, की का सोडले, आणि तुम्ही यांना पुन्हा ठेवाल का? मुलांशी संबंधित प्रत्येक कामाला हे लागू आहे. मग तो शाळेच्या गाडीचा चालक असो की शिकवणीचा शिक्षक.

आणि ज्यांना विचारले जाईल, त्यांनी हे लक्षात ठेवावे. दुसऱ्याचे दोष झाकण्याची मोठी फजीलत आहे. परंतु ज्याच्यापासून इतरांना अजूनही इजा पोहोचू शकते, त्याच्यासाठी हा पडदा नाही. मुलाला इजा करणाऱ्याला गुपचूप काढून, चांगली चिठ्ठी देऊन दुसऱ्या गावी पाठवणे म्हणजे त्या गावच्या मुलांशी खियानत आहे. देशाचा कायदाही हेच सांगतो. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार, असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

प्रत्यक्षात काय करावे?

१. कामाचे स्वरूप आधी ठरवा. या कामाला कोणते सामर्थ्य लागते आणि यात कोणती अमानत सोपवली जाते, हे दोन ओळींत लिहून काढा.

२. उमेदवाराला समोर बसवून त्याची हकीकत शांतपणे ऐका. ‘आम्ही तुमच्या आधीच्या ठिकाणी विचारणार आहोत,’ असे त्याला स्पष्ट सांगा.

३. त्याला शेजारातून, व्यवहारातून किंवा प्रवासातून ओळखणारी निदान दोन माणसे शोधा. चिठ्ठी आणली असेल, तर चिठ्ठी लिहिणाऱ्यालाच फोन करा आणि ‘किती ओळखता?’ असे विचारा.

४. घर, मुले, वृद्ध किंवा मोठी रक्कम सोपवायची असेल, तर पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागा. ते फक्त पोलिसांच्या नोंदीपुरते बोलते, म्हणून बाकीची विचारपूस त्याने संपत नाही.

५. त्याने दिलेली ओळखपत्रे हीसुद्धा अमानत समजा. आधार कार्डाची प्रत गल्ल्यावर पडू देऊ नका, कोणाला पाठवू नका.

६. पगार, वेळ, सुटी आणि कामाची मुदत लिहून घ्या. मदयनच्या त्या करारातही मुदत स्पष्ट होती.

७. तुमच्याविषयीही विचारपूस करण्याचा त्याला हक्क आहे. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याच्या विरोधात कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः उभा राहील, अशी हदीस बुखारीत आहे. तुमचा आधीचा नोकर तुमच्याबद्दल काय सांगेल, हे एकदा मनाशी विचारून पाहा.

शेवटी

कयामत कधी येईल, असे एका ग्रामीण माणसाने विचारले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी सांगितले, की अमानत नष्ट होईल तेव्हा तिची वाट पाहा. अमानत कशी नष्ट होईल, असे त्याने पुन्हा विचारले. उत्तर मिळाले, की कामे अपात्र लोकांवर सोपवली जातील तेव्हा. ही हदीस वाचून आपण राज्यकर्त्यांकडे बोट दाखवतो. पण आपले दुकान, आपले घर, आपला मकतब यांची निवड करणारे तर आपणच आहोत.

आजही माझ्याकडे चिठ्ठ्या मागायला लोक येतात. मी कोणालाही रिकाम्या हाती परत पाठवत नाही. मात्र जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहितो. ‘हे गृहस्थ तीन आठवडे आमच्या मशिदीत नमाजला येतात, यापलीकडे मला माहिती नाही,’ असेही लिहून दिले आहे. घेणारा थोडा हिरमुसतो. मला मामांचा नातू आठवतो, आणि लेखणी तिथेच थांबते.

अल्लाह आपल्याला अमानत ओळखण्याची, ती योग्य हाती सोपवण्याची आणि विचारले असता खरे तेच सांगण्याची तौफीक देवो. आमीन.

घरी मिळून विचार करा

• आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाचे पूर्ण नाव आणि त्याच्या घरची परिस्थिती आपल्याला ठाऊक आहे का?

• मदयन आणि मिस्र या दोन्ही प्रसंगांत विचारपुशीने कोणाचे हित झाले?

• विचारपूस आणि हेरगिरी यांतील फरक मुलांना आपल्या रोजच्या जीवनातील एका उदाहरणाने समजावून सांगा.